खुर्चीवरचा राखाडी स्वेटर

१

आमच्या खात्यात माणसाच्या आधी त्याचा कोट हजर असतो, आणि माणूस गेल्यावरही तो मागे बसून राहतो.

सकाळी यायचं, कोट किंवा जाकीट खुर्चीच्या पाठीला अडकवायचं, मग दाताच्या डॉक्टरकडे जा, मुलाच्या शाळेत जा, नाहीतर कोपऱ्यावरच्या कॅफेत जाऊन पेपर वाचा. साहेबांनी विचारलं तर शेजारचा सांगतो, "आहे की इथंच कुठंतरी. कोट दिसतोय ना." साहेब मान डोलावतात. त्यांच्याही खुर्चीवर एक निळा कोट असतो आणि तो त्यांच्यापेक्षा नियमित आहे. बहुतेकांचा हा कोट खास कचेरीसाठी ठेवलेला असतो. तो कधी घरी जात नाही.

माझा राखाडी स्वेटर आहे. सरकारी भरतीच्या सोडतीत माझं नाव निघालं तेव्हा आईने तो विणला. वडिलांनी गच्चीवर शेगडी पेटवून अख्ख्या गल्लीला मांस भाजून घातलं होतं. इथं मोंतेविदेओ शहरात आमच्यासारख्यांच्या घरात लग्नाचा एवढा आनंद होत नाही, कारण लग्न मोडतं. ही नोकरी मोडत नाही.

माझं खातं रस्त्यावरच्या झाडांचं. लोक अर्ज करतात की फांदी खिडकीत आली, मुळांनी फरशी उचलली. मी त्यांना कळवते की आपला अर्ज विचाराधीन आहे. कॉलेजात मी झाडंच शिकले, पण या नोकरीत आल्यापासून एकाही झाडाला हात लावलेला नाही. खोलीतली एकुलती एक कुंडी प्लॅस्टिकच्या रोपाची आहे. समोरच्या टेबलावरची मिर्ता तिला पाणी घालते. सवय म्हणून, ती म्हणते.

रविवारी जेवण झालं की माझ्या पोटात खड्डा पडायला लागतो. आधी वाटायचं बाळंतपणानंतरचं काहीतरी असेल. पण माझी मुलगी अम्पारो आता चालते, बोलते, उलट उत्तरंसुद्धा देते, आणि खड्डा आहे तिथेच आहे. तिला मी तळमजल्यावरच्या पाळणाघरात ठेवते. ते कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी आहे, म्हणजे तेही या खुर्चीबरोबरच आलेलं. खुर्ची सोडली की तेही सुटणार. म्हणून मी सोडू की नको, सोडू की नको करत होते. नवरा म्हणायचा, एवढ्या वेळात एखादं झाड वाढलं असतं.

२

इल्सेची रोपवाटिका शहराबाहेर, पांदो गावाच्या रस्त्यावर आहे. फक्त देशी झाडं. तिला मदतीला कुणीतरी हवं होतं आणि माझ्या एका मैत्रिणीने माझं नाव सांगितलं होतं.

त्या सकाळी मी कचेरीत आले, स्वेटर अडकवला, येर्बाचा पेला धुतला आणि पालथा घातला. येर्बा म्हणजे आमचा पानांचा कडू काढा. भोपळ्याच्या पेल्यात गरम पाणी ओतत दिवसभर तो नळीने चोखत बसायचा. तो नसेल तर आमचं खातं बंद पडेल. मिर्ताला सांगितलं की दाताकडे जाते.

"जा जा," ती म्हणाली. "या महिन्यात सगळेच दाताकडे जातायत. गाल मात्र एकाचाही सुजत नाही."

इल्सेने काही विचारलं नाही. एक रोप हातात दिलं. मी पान चुरगाळून हुंगलं आणि नाव सांगितलं. नखात माती गेली. किती वर्षांनी गेली ते मला आठवेना, आणि मी मूर्खासारखी रडायच्या बेतात आले. ती म्हणाली, आधी काही महिने कच्ची नोकरी, मग बघू, आणि आठवडाभरात कळव. "सरकारी खुर्चीवरून उठून आलेले बरेच जण परत जाऊन बसतात," ती म्हणाली. "राग नाही गं. पण रोपं वाट बघत नाहीत."

दुपारी परत आले तेव्हा पेला पालथा नव्हता. सरळ होता, पानांनी भरलेला, आणि वर अजून फेस होता. मी हात लावला. कोमट.

"काय गं, दाढ काढली की जीभ?" मिर्ता म्हणाली. "सकाळपासून मिठाची गुळणी धरून बसलीयस. मी आपली एकटीच बडबडतेय."

मी हसले. ती नेहमी असंच बोलते. मग माझं लक्ष टेबलाकडे गेलं. उत्तरं लिहायच्या राहिलेल्या अर्जांचा गठ्ठा, जो मी कित्येक दिवस एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात सरकवत होते, तो संपला होता. प्रत्येक उत्तराखाली माझी सही. माझ्याहून जरा नीटनेटकी.

मी स्वतःशी हिशेब मांडला. उत्तरं मीच काल लिहिली असतील. पेला मिर्ताने भरला असेल, तिच्या विनोदाचा भाग म्हणून. आई झाल्यापासून माझ्या आठवणीचा मलाच भरवसा नाही. एकदा मी चष्मा फ्रिजमध्ये ठेवला होता, दह्याच्या शेजारी. त्यामानाने हे काहीच नव्हतं.

३

दोन-तीन दिवसांनी अम्पारोचा कान दुखायला लागला. सकाळी धावत वर येऊन स्वेटर अडकवला, खाली उभ्या असलेल्या नेस्तोरकडून, म्हणजे नवऱ्याकडून, तिला घेतलं आणि दवाखान्यात गेले. परतायला दुपार झाली. तिला पाळणाघरात सोडून वर आले तर सगळे जेवायला गेलेले. खोलीत कुणी नव्हतं, फक्त कोट होते.

आमच्या खोलीत ओळीने टेबलं आहेत आणि जेवायच्या सुट्टीत ती तशी दिसतात खरी, माणसं बसल्यासारखी. मला त्याची सवय आहे. पण माझा स्वेटर मी अडकवला तसा नव्हता. पाठ खुर्चीला टेकलेली होती आणि दोन्ही बाह्या पुढे टेबलावर होत्या, कोपरात वाकलेल्या. मनगटं कागदावर. एक बाही जरा पुढे, लिहिणाऱ्या हाताची असते तशी.

वाऱ्याने झालं असेल. खिडक्या बंद होत्या. सफाईवाल्या बाईने पुसताना उचलून ठेवला असेल. मी जवळ जाऊन काखेपाशी हात घातला आणि लगेच काढला. आमच्या बाजूला ऊन वर्षभर येत नाही. आणि ती उन्हाची ऊब नव्हतीच. अम्पारोला झोपेतून उचलल्यावर तिच्या अंगाला असते तसली ऊब होती.

खिशात संत्र्याचं साल होतं. एकसंध, गोल गोल सोललेलं. मी संत्री खात नाही. अम्पारोच्या वेळी दिवस गेल्यापासून मला तो वास सहन होत नाही.

"पोरी, बसू नकोस अजून," मागून एल्बिओ म्हणाले.

एल्बिओ आमच्यातले सगळ्यात जुने. निवृत्तीला आले आहेत आणि सहसा बोलत नाहीत. हातात डबा घेऊन दारात उभे होते.

"का?"

"थोडं थांब. निवू दे."

मी हसायचा प्रयत्न केला. त्यांना विचारलं की तुम्हाला काही दिसलं का. ते खोलीच्या टोकाच्या खुर्चीकडे बघत राहिले. तिथे एक तपकिरी जाकीट असतं. ते मिल्तोनचं, एवढं मला माहीत होतं. मिल्तोन मी यायच्या आधीच नोकरी सोडून साल्तोला गेला होता, भावाबरोबर काहीतरी धंदा काढायला. जाकीट कुणी हलवलं नाही. आजवर मला ते आमच्या खात्याच्या आळसाचं स्मारक वाटायचं. आज पहिल्यांदा लक्षात आलं की त्याच्या खांद्यांवर धूळ नाही.

"मी त्याला म्हटलं होतं, जाताना घेऊन जा," एल्बिओ म्हणाले. "तो म्हणाला, असू दे, तुम्हाला माझी आठवण."

"मग?"

"मग एकदा आला होता. खाली लोकांच्या रांगेत नंबर घेऊन बसला, अर्जदारांसारखा. वर यायला तयार होईना. मी खाली गेलो तर मला विचारतो, एल्बिओ, मी वर आहे का?" त्यांनी डबा टेबलावर ठेवला. "तू जाणार असलीस तर जा. चांगलं आहे. पण हा घेऊन जा. आणि खुर्चीवर नुसताच असेल तेव्हा उचल."

मी जाणार आहे हे मी कचेरीत कुणालाही सांगितलं नव्हतं.

४

नेस्तोर फ्रिज दुरुस्त करतो, दुसऱ्यांच्या घरी जाऊन. आमच्याकडे जुलैत ऐन थंडी, आणि थंडीत कुणाचे फ्रिज बिघडत नाहीत, त्यामुळे तेव्हा आमचं घर माझ्या खुर्चीवर चालतं. तरी त्या संध्याकाळी तोच म्हणाला, सोड. मी पालक भरलेला रोट कापत होते आणि अम्पारो टेबलाखाली माझ्या चपला एकमेकींशी भांडवत होती.

"संध्याकाळी घरी येते ती तू नसतेस," तो म्हणाला. चेष्टेने नाही, दमून म्हणाला. "पिशवी येते, बूट येतात. तू कुठं राहतेस कोण जाणे."

मी त्याला खिशातल्या सालाचं सांगणार होते. नाही सांगितलं. सांगितलं असतं तर म्हणाला असता, बघ, नोकरी डोक्यात गेली तुझ्या. आणि कदाचित ते बरोबरही असतं. आईला फोन केला तर ती म्हणाली, सोडतीत निघालेलं नशीब लाथाडू नये. खुर्चीवर बसून कंटाळा आलाय म्हणे. कंटाळ्याने कुणी मेलंय का?

दुसऱ्या दिवशी अम्पारोला सोडायला गेले तेव्हा पाळणाघरातल्या सुल्माबाई खूश होत्या.

"कान बरा दिसतोय. आज दुपारी येणार ना तुम्ही?"

मी म्हटलं, दुपारी मी कधी येते?

"आता रोजच की. परवासुद्धा आलात," त्या म्हणाल्या. "आणि छान केलंत हो. पूर्वी तुम्ही यायचा नाहीत, निघताना ती रडते म्हणून. आता बघा, मांडीवर बसून शांतपणे खाते आणि तुम्ही उठून गेलात तरी हूं की चूं नाही. मी इतर आयांना तुमचं उदाहरण देते."

"काय खाते?"

"संत्रं. तुम्हीच तर सोलून देता."

गेले काही आठवडे दुपारच्या सुट्टीत मी कचेरीत थांबतच नव्हते. नदीकाठच्या रस्त्यावर, रांब्लावर जायचे, बाकावर बसून ते मातकट पाणी बघायचे आणि ठरवायचे की सोडू की नको. त्या वेळात खाली माझी मुलगी होती. तिच्याकडे जाता आलं असतं. मी गेले नाही. मला निवांतपणा हवा होता, असं मी म्हणते. खरं म्हणजे तिचं रडणं नको होतं.

सुल्माबाईंना मुलं पुष्कळ आणि आया तितक्याच. एखादीला दुसरी समजल्या असतील. राखाडी स्वेटर काय कुणाचाही असतो. हे सगळं मी मनात नीट रचलं आणि मग खाली वाकून अम्पारोचा हात हुंगला. रात्रीच्या अंघोळीनंतरही बोटांना वास होता.

इल्सेला मी तिथूनच फोन केला. येते म्हटलं.

५

राजीनामा द्यायला मी दुपारची वेळ मुद्दाम टाळली. सकाळी स्वेटर अडकवला आणि थेट साहेबांच्या खोलीत गेले. साहेबांनी दोनदा विचारलं की घरी सगळं ठीक आहे ना. मग उठून त्यांनी आमच्या पद्धतीने गालाला गाल लावला आणि दारापर्यंत सोडायला आले.

"कोट तेवढा राहू दे," ते म्हणाले. "म्हणजे मला वाटेल आहेस."

ते हसले. मी हसले. आमच्या खात्यात निरोपाला हाच विनोद करतात.

मी माझ्या खुर्चीपाशी आले. खुर्चीवर स्वेटर नव्हता.

मिर्ताने मान वर केली आणि तिच्या चेहऱ्यावरचं हसू अर्धवट राहिलं. तिने दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग परत दाराकडे.

"आत्ता तर स्वेटर घालून खाली गेलीस," ती म्हणाली. "अम्पारोला बघून येते म्हणालीस. आज पहिल्यांदा बोललीस माझ्याशी, म्हणून लक्षात राहिलं."

मी लिफ्टची वाट पाहिली नाही. जिन्यात कुणीतरी माझ्या नावाने हाक मारली, कुठल्या मजल्यावर ते आठवत नाही. प्रत्येक वळणावर संत्र्याचा वास थोडा जास्त होता. सकाळच्या वेळी पाळणाघराचा व्हरांडा रिकामा असतो. मुलं मागच्या अंगणात घसरगुंडीवर असतात, त्यांचा गलका ऐकू येत होता. आतल्या खोलीच्या दाराला मोठ्या माणसाच्या उंचीवर गोल काच आहे.

मी काचेतून पाहिलं.

छोट्या मुलांच्या बुटक्या खुर्चीवर कुणीतरी पाठमोरं बसलं होतं. राखाडी लोकर खांद्यांवर ताणलेली. मानेवर केस वर बांधलेले, मी बांधते तसे, घाईघाईत, एक बट सुटलेली. कोपरं हळूहळू हलत होती. सोलण्याची हालचाल. घाई अजिबात नव्हती. मला कधी जमलं नाही इतकी ती पाठ निवांत होती. आणि त्या खांद्यावरून माझ्या मुलीचा चेहरा दिसत होता, एक गाल भरलेला, चावत असलेला.

अम्पारोने मला पाहिलं. ती हसली नाही, रडलीही नाही. डॉक्टरकडे अनोळखी बाई जवळ आली की ती करते ते केलं. तोंड लोकरीत लपवलं.

ते केस, ती मान, वळायला लागली.

मी दार ढकललं. दाराची मूठ नेहमी अडकते. मला खाली बघावं लागलं, पापणी लवायला लागतो तेवढाच वेळ. आत गेले तेव्हा खुर्चीवर अम्पारो एकटी होती. स्वेटर तिच्याभोवती होता, दोन्ही बाह्या पुढून गुंडाळलेल्या. जमिनीवर गोल गोल साल.

एल्बिओ म्हणाले होते, नुसताच असेल तेव्हा उचल. आता नुसताच होता. मी स्वेटरसकट मुलीला उचललं, रस्त्यावर आले आणि बस पकडली. रडत होती ती, मोठ्याने, बसमधले लोक वळून बघत होते. मी स्वेटर काढायला गेले की तिचा आवाज फाटायचा. मी मनात म्हणत होते, काही नाही, सुटलो, मिल्तोनने जाकीट मागे ठेवलं, आपण स्वेटर नाही ठेवला.

६

रोपवाटिकेत मी सुखात आहे. हे लिहितानासुद्धा कुणाची दृष्ट लागेल असं वाटतं. हात फाटलेत, पाठ दुखते, आणि रविवारी दुपारी पोटात काही होत नाही. इल्से माझ्यावर ओरडते, मी तिच्यावर ओरडते, झाडं वाढतात. नेस्तोर म्हणतो, आता संध्याकाळी तू येतेस.

अम्पारोला दिवसा आई आमच्या घरी येऊन सांभाळते. ती पलीकडच्याच गल्लीत राहते.

स्वेटर मी पहिल्याच दिवशी कचऱ्यात टाकला होता. आईने तो काढला, धुतला, वाळवला. लोकर काय अशी टाकायची असते, माझे डोळे गेले विणताना. स्वयंपाकघरातल्या खुर्चीला तिनेच तो अडकवला. मी दोनदा कपाटात कोंबला. दोन्ही वेळा अम्पारो एवढी रडली की खालचे लोक वर आले. शेवटी मी म्हटलं, राहू दे, एक स्वेटर तर आहे.

परवा आई म्हणाली, नव्या नोकरीत बरं आहे हो, दुपारी घरी यायला मिळतं. आणि आता तू कशी थंड डोक्याची झालीयस, पोरीवर ओरडत नाहीस. मी तिला विचारलं नाही कधी आले, किती वेळ होते. फळांच्या टोपलीत संत्री होती. कुणी आणली, तेही विचारलं नाही.

आज सकाळी नेस्तोर लवकर गेला. आईला उशीर झाला. मी अंगावर कोट चढवून तिची वाट बघत होते आणि बसची वेळ होत आली होती. अम्पारोने माझा हात धरला आणि मला दारापर्यंत आणलं. टाचा उंच करून गालाला गाल लावला, घरी आलेल्या बायकांना लावायला मी शिकवलंय तसा, नीट, ओठ न टेकवता. मग दार उघडून धरलं.

"परत या हं," ती म्हणाली.

मी जिन्यात डोकावले, आई दिसते का ते बघायला. मागे दार लागलं. आतून हळूच, पण घट्ट.

आईचा पत्ता नाही. स्वयंपाकघरातली खुर्ची फरशीवर सरकल्याचा आवाज आला. अम्पारोला ती जड खुर्ची सरकवता येत नाही. मग छोटी पावलं त्या दिशेने पळाली आणि ती खुदकन हसली. दाराखालच्या फटीतून संत्र्याचा वास येतोय.

किल्ली माझ्या हातात आहे. मी आत गेले की तिथे नुसता एक स्वेटर असेल, आणि माझी मुलगी रडायला लागेल.